देताना तीस, कापताना सव्वीस

गेल्या महिन्यात आमच्याच मजल्यावरचा मुलगा मोबाइल हातात घेऊन दारात उभा राहिला. चाकणला एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहे. "मावशी, माझा तासाचा पगार किती बसतो ते जरा काढून द्या ना."

मी विचारलं, "कशासाठी हवाय? कापायला की घ्यायला?"

त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. पण भोसरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात एकोणतीस वर्षं पगार केल्यावर हा प्रश्न आपोआप तोंडात येतो. 'पगार केले' म्हणजे मिळवले असं नव्हे. दर महिन्याच्या एक तारखेपासून हजेऱ्या जुळवायच्या, खाडे मांडायचे, ओटी म्हणजे ओव्हरटाइम चढवायचा आणि सात तारखेच्या आत चारशे माणसांचे आकडे कॅशियरकडे द्यायचे, याला आमच्यात पगार करणं म्हणतात.

त्याची स्लिप मी वहीत उतरवून घेतली, कारण मोबाइलच्या पडद्यावर मला हिशोब सुचत नाही. एकूण पगार 18,720 रुपये. एक खाडा झाला होता, त्याचे 720 कापलेले. ओटी 36 तास, त्याचे 5,616 रुपये मिळालेले. बाकी पीएफ वगैरे नेहमीचं.

आता स्लिपवर कुठेही लिहिलेलं नसतं की भाग कितीने दिला. पण आकडे लपत नाहीत. 18,720 ला 720 ने भागलं की 26 येतात. म्हणजे खाडा कापताना महिना सव्वीस दिवसांचा धरला. 5,616 ला 36 ने भागलं की तासाला 156. ओटी दुप्पट दराने द्यायचा असतो, म्हणून साधा तास 78 रुपयांचा झाला. 18,720 भागिले 78 म्हणजे 240. आणि 240 म्हणजे तीस दिवस गुणिले आठ तास. ओटी देताना महिना तीस दिवसांचा धरला!

एकाच कागदावर, चार ओळींच्या अंतरात, एकच महिना कापायला सव्वीस दिवसांचा आणि द्यायला तीस दिवसांचा.

दोन्हीकडे सव्वीस लावला असता तर दिवस 720 रुपयांचा, तास 90 रुपयांचा आणि ओटीचा तास 180 चा झाला असता. 36 तासांचे 6,480. म्हणजे त्या एका महिन्यात 864 रुपये कमी आले. दोन्हीकडे तीस लावला असता तर ओटी आहे तेवढाच राहिला असता, पण खाड्याचे 624 च कापले गेले असते. दोन्हींपैकी कुठलाही आकडा घेऊन वाद घालता येतो. दोन्ही सोयीने वापरले तर मात्र वाद राहत नाही, नुसती चलाखी राहते.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण अशा पगारपत्रकांवर माझ्याही सह्या आहेत. त्याबद्दल पुढे सांगते.

1991 साली मी कामाला लागले तेव्हा माझा पगार होता 936 रुपये. आमचे हेड टाइमकीपर म्हणजे जुन्या पठडीतले गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझाच तास काढायला लावला. 936 भागिले 26 म्हणजे 36, भागिले आठ म्हणजे साडेचार. "तासाला साडेचार रुपये. आता चहाला दहा मिनिटं लागली तर बारा आण्यांचा चहा झाला असं समजा," असं म्हणून ते हसले नाहीत.

त्यांनी शिकवलेली दुसरी गोष्ट मला अजून पुरते. रुपयाचे पैसे शंभर असतात, तासाची मिनिटं साठ. पंचिंग कार्डावर सात तास पंचेचाळीस मिनिटं आली की नवीन पोरं कॅल्क्युलेटरवर 7.45 मारायची. ते 7.75 आहे. नव्वद रुपयांच्या तासाला या एका चुकीने एका दिवशी 27 रुपये जातात, आणि कामगाराला कळतही नाही, कारण कार्डावरही 7.45 आणि पत्रकावरही 7.45, सगळं जुळतंय! साहेबांना कॅल्क्युलेटर मान्य नव्हता. ते म्हणत, पावणेआठ म्हणा. पावणेआठ म्हटलं की पाऊण आपोआप डोक्यात येतो आणि चूक होत नाही. लहानपणी आजोबांनी माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली तेव्हा मी रडायचे. टाइम ऑफिसात ती कामाला आली. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच: तासांचा हिशोब करायला याहून सोयीची भाषा मला माहीत नाही. संगणक आल्यावर मिनिटांना साठाने भागायचं काम तो करू लागला, तरी मी ताळा मनात पावकीनेच घ्यायचे.

आता सव्वीस आले कुठून? महिन्यात तीस दिवस, त्यात चार साप्ताहिक सुट्ट्या, उरले सव्वीस. इतकं सरळ. पण ती साप्ताहिक सुट्टी आभाळातून पडली नाही. मुंबईच्या गिरण्यांत पूर्वी आठवड्याची ठरलेली सुट्टीच नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्या. रविवारची सुट्टी मिळायला 10 जून 1890 उजाडावा लागला. मागण्यांची ती यादी वाचताना मला नेहमी वाटतं, हे तर आमच्या टाइम ऑफिसाचं कामाचं पत्रक आहे. साप्ताहिक सुट्टी, जेवणाची सुट्टी, पगाराची तारीख.

आमच्या भोसरीत मात्र रविवार गुरुवारी येतो. विजेचा भार वाटून घेण्यासाठी वेगवेगळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे वेगवेगळे वार दिले गेले आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्याला गुरुवार मिळाला. माझी मुलं लहान असताना त्यांची सुट्टी रविवारी, माझी गुरुवारी. एकोणतीस वर्षांत आम्ही एकत्र निवांत बसून जेवलो ते सणालाच.

सव्वीस दिवसांना आठ तासांनी गुणलं की 208 येतात. हा आकडा मला फार आवडतो, कारण दुसऱ्या वाटेने गेलात तरी तोच भेटतो. आठवड्याला 48 तास, वर्षाला 52 आठवडे, गुणाकार 2,496, भागिले बारा महिने, बरोबर 208. म्हणून सहा दिवसांच्या आठवड्याला मासिक पगार भागिले 208 हा तासाचा दर काढला तर त्यावर सहसा कोणी बोट ठेवू शकत नाही. पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा असेल तर हीच रीत वापरा. 40 गुणिले 52 भागिले 12, म्हणजे 173.33. आमच्या या मुलाचेच 18,720 रुपये हिंजवडीत एखाद्या पाच दिवसांच्या ऑफिसात मिळाले असते तर त्याचा तास 90 ऐवजी 108 रुपयांचा झाला असता. पगार तोच, तास महाग. नोकरी बदलताना लोक पगाराची तुलना करतात, भागायच्या आकड्याची करत नाहीत.

माझ्या भाचीचा नवरा अमेरिकेत सरकारी नोकरीत आहे. तिकडे साधा हिशोब चाळीस गुणिले बावन्न, म्हणजे वर्षाचे 2,080 तास. पण त्यांचं केंद्र सरकार वार्षिक पगाराला 2,087 ने भागतं. हे सात तास कुठले म्हणून मी दोन दिवस विचार करत होते. वर्ष म्हणजे नेमके बावन्न आठवडे नसतात, एक-दोन दिवस उरतात. वार आणि तारखा 28 वर्षांनी पुन्हा जुळतात. त्या 28 वर्षांत बरोबर 1,461 आठवडे बसतात, त्यांचे तास 58,440, भागिले 28, म्हणजे 2,087 आणि वर थोडी मिनिटं. हे कळलं तेव्हा मला त्या अनोळखी अमेरिकन कारकुनाला चहा पाजावासा वाटला.

पण सव्वीसचाही महिना प्रत्येक वेळी सव्वीसचा नसतो, आणि तिथे आमची फजिती व्हायची. जुलै 2019 मध्ये गुरुवार चारच होते. एकतीस दिवसांतून चार गेले, कामाचे दिवस सत्तावीस. आमच्याकडचा एक हेल्पर वडिलांच्या आजारपणामुळे महिनाभर गावी गेला. रजा शिल्लक नव्हती. पगार 13,000, दिवस 500 रुपयांचा, खाडे सत्तावीस, कपात 13,500. संगणकाने इमानेइतबारे त्याची स्लिप छापली, हातात मिळणारी रक्कम उणे 500 रुपये. म्हणजे महिनाभर न आल्याबद्दल तोच कंपनीला पाचशे देणं लागत होता. अख्खं ऑफिस हसलं. तो परत आला तेव्हा मी ती स्लिप त्याला दाखवली नाही.

उलटंही होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अठ्ठावीस दिवसांतून चार गुरुवार गेले की चोवीस उरत होते. एखादा फक्त एक दिवस आला असता तर तेवीस खाड्यांचे 11,500 कापून त्याला 1,500 द्यावे लागले असते. एका दिवसाच्या हजेरीला तीन दिवसांचा पगार. यावर आम्ही रीत ठरवून घेतली. खाडे थोडे असतील तर पगारातून खाडे वजा करायचे, खाडे फार असतील तर हजर दिवसांचे पैसे मोजून द्यायचे.

तीसने भागणाऱ्या कंपन्यांची वेगळी अडचण असते. त्यांच्या हिशोबात सुट्टीच्या दिवसाचेही पैसे मोजलेले असतात. मग बुधवारी आणि शुक्रवारी खाडा केला तर मधल्या गुरुवारचे पैसे द्यायचे का? बहुतेक ठिकाणी कापतात. याला सँडविच म्हणतात. दोन दिवस गैरहजर राहिलेल्या माणसाचे तीन दिवस जातात आणि तो खिडकीशी येऊन भांडतो, "सुट्टीच्या दिवशी मी कुठे गैरहजर होतो?" प्रश्न बिनतोड आहे. पण तीसने भागलं तर एका दिवसाचे पैसे कमी कापले जातात, हेही खरं. आकड्याची एक बाजू घेतली की दुसरी मागोमाग येते.

ओटीचं मात्र मला असं तटस्थ राहून सांगता येत नाही.

आमच्या कारखान्यात ओटीला 240 ने भागायची पद्धत मी येण्याआधीपासून होती. कापायला सव्वीस. मी ती पद्धत जशी मिळाली तशी पुढे चालवली. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाचं, 1948 च्या कायद्याचं, 59 वं कलम सांगायचं की दिवसाला नऊ किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम झालं तर सर्वसाधारण दराच्या दुप्पट पैसे. दुप्पट आम्ही देतच होतो. मूळ दर काढताना भाग कितीने द्यायचा, हे कलमात नव्हतं. तिथेच बोट शिरलं.

एक टर्नर होता. शर्टाच्या खिशात छोटी डायरी ठेवायचा आणि रोजची वेळ स्वतः लिहायचा. एका सात तारखेला खिडकीशी येऊन त्याने शांतपणे विचारलं, "ताई, मी महिन्यात तीस दिवस काम करतो का?" मी म्हटलं, नाही. "मग माझा तास तीस दिवसांत का वाटता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फाइल घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "पूर्वीपासून तसंच आहे." मी परत येऊन खिडकीत तेच वाक्य सांगितलं. माझ्या नोकरीतलं हे एक वाक्य मला परत घ्यावंसं वाटतं. पुढच्या करारात युनियनने 208 लावून घेतला. मागच्या वर्षांचा फरक कोणालाच मिळाला नाही.

दुसरी मेख असते ती 'पगार' कशाला म्हणायचं यात. कित्येक ठिकाणी ओटी फक्त बेसिकवर काढतात, भत्ते बाजूला ठेवून. 59 व्या कलमात मूळ पगाराबरोबर भत्तेही धरायला सांगितलेले होते, बोनस वगळून. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुने कायदे त्यांत मिसळले. ओटी दुप्पटच राहिला. वेतन संहितेत आता असं आहे की वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. बेसिक चिमूटभर आणि भत्ते ढीगभर अशी स्लिप असेल तर ती पुन्हा काढून बघा.

न्यायालयाने सव्वीसवर शिक्का मारला तो ग्रॅच्युइटीच्या वादात. दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार, हे 1972 च्या कायद्यात होतं. पण पंधरा दिवसांचा पगार म्हणजे निम्मा महिना की सव्वीसातले पंधरा? गुजरातेतल्या दिग्विजय वूलन मिल्सच्या प्रकरणात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने सव्वीसची रीत मान्य केली आणि 1987 च्या दुरुस्तीने ती कायद्यातच लिहिली गेली. हे मी तोंडपाठ सांगते, कारण 2020 मध्ये निवृत्त होताना माझी स्वतःची ग्रॅच्युइटी मीच काढली. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 23,400. भागिले 26 म्हणजे 900, गुणिले 15, गुणिले 29 वर्षं: 3,91,500. तीसने भागलं असतं तर 3,39,300. एका भागाकारात 52,200 रुपये. आमच्या स्वयंपाकघराचा ओटा आणि फरशी त्यातच झाली.

तासांवर काम करणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात एक चांगली तरतूद आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये अर्धवेळ कामगाराचा तास काढताना दिवसाच्या दराला आठने भागून वर 15 टक्के वाढवायला सांगितलेलं असतं. नव्वदचा तास मग 103 रुपये 50 पैशांचा होतो. दोन तासांसाठी माणूस बोलावला तर त्याच्या येण्याजाण्याचा, उरलेला दिवस मोडण्याचा थोडातरी विचार त्यात आहे.

हे वाचताना घरकाम करणाऱ्या ताई आठवल्या असतील, मलाही आठवल्या. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला विषय निघतो, चार खाडे झाले, किती कापू? मी निवृत्त झाल्यावर सगळ्या मलाच विचारू लागल्या. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना मी 1,800 देते. रोज तासभर काम. तीसने भागून दिवसाचे 60, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. महिन्याला दोन खाडे माफ, हा आपला माझा नियम. मग एक दिवस वहीत लिहिता लिहिता थांबले. तीसने भाग बसतो तो त्या तीसही दिवस येतात म्हणून. एकोणतीस वर्षं मी गुरुवारची वाट पाहिली, आणि या बाईला मी कुठलाच वार दिलेला नव्हता. आता त्या रविवारी येत नाहीत. रविवारी भांडी मी घासते आणि पगार 1,800 च आहे.

तर आमच्या मजल्यावरचा तो मुलगा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, बसमधले तास धरत नाहीत का?" कंपनीची बस येताजाता सव्वा-सव्वा तास घेते. जेवणाचा अर्धा तास धरला तर घराबाहेर अकरा तास होतात. अकरा गुणिले सव्वीस, 286. 18,720 भागिले 286, साडेपासष्ट रुपयांच्या आसपास. ते कोणत्याही पत्रकात चढत नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली, बहुतेक त्याने हा हिशोब आधीच करून ठेवला होता.

864 रुपयांचं काय करायचं, यावर तो चाचरला. सुपरवायझर चिडतील म्हणाला. मी म्हटलं, तक्रार लिहू नकोस, विचारणा लिही. 'माझ्या स्लिपमध्ये एका दिवसाची कपात 26 ने व ओटी 240 ने काढलेला दिसतो, कृपया ओटीसाठी कोणता आकडा लागू आहे ते लेखी कळवावे.' बस्स, इतकंच. स्लिपची झेरॉक्स जोड, पोच घे, आणि मागच्या महिन्यांच्या स्लिपा पुसून टाकू नकोस. रकमेसारखा हाही आकडा अंकी आणि अक्षरी दोन्ही लिही.

माझ्याच टेबलावर बसून त्याने अर्ज लिहिला. अक्षरी 'सव्विस' लिहिलं होतं. मी लाल पेनाने दीर्घ करून दिलं, आणि मग त्याला सगळा अर्ज पुन्हा नव्या कागदावर लिहावा लागला.